म्हस्कूचे खांब

म्हस्कू ओहोळच्या डोक्यात थोडा बिघाड आहे, असं मी सगळ्या शिरूर डेपोला सांगत फिरायचो. आणि का सांगू नये? तो टायर सेक्शनला, मी कंडक्टर. ड्युटी संपली की माणसानं घरी जावं, हातपाय धुवावेत, चहा घ्यावा. हा गडी खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि डेपोमागच्या मैदानात फुटबॉल घेऊन पळत सुटायचा. एकोणपन्नास वय! त्याची बायको सारजाबाई कपाळाला हात लावायची. "जावई दारात आलाय आन् ह्यो उघड्या टांगांनी चेंडूमागं पळतोय. मी तोंड कुठं लपवू?" असं ती चारचौघांत म्हणायची.

शिरूरला खेळ म्हटलं की पहिली कुस्ती. जत्रेचा आखाडा असला की पार पारनेर-श्रीगोंद्याकडून माणूस लोटतं, जागा नाही मिळाली तर झाडावर चढून बघतं. त्याच्या खालोखाल बैलगाडा, मग हुतूतू. आणि अलीकडं पोरांच्या कानाला ट्रांझिस्टर चिकटलेला, त्यात क्रिकेट. फुटबॉल यात कुठंच नव्हता. तालमीत वाढलेला मी त्याला तोंडावर म्हणायचो, "म्हस्कू, बावीस गडी दीड तास पळत्यात आन् शेवटी गोल किती, तर शून्य! आमच्यात दोन मिन्टांत पाठ लागती." तो माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, आम्ही एकाच गावचे, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो. गावची सवय. तो नुसता हसायचा आणि म्हणायचा, "जालिंदर, तू तिकिटं फाड."

त्यानं मैदानात स्वतःच्या हातानं खांब पुरले होते. निलगिरीचे चार वासे उभे, दोन आडवे. दर दिवाळीला घराला चुना लागायचा राहील, पण खांबांना लागायचा. डेपोतले क्लीनर, त्याच्या बौद्धवाड्यातली चार-दोन पोरं आणि एक बेकरीवाला अशी टीम त्यानं जमवली होती. ब्लॅडर फुटलं की सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावायचा आणि बाळाला झोपवल्यासारखं मांडीवर घेऊन बसायचा.

चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात नगरपालिकेत ठरलं की त्या मैदानात कुस्तीचा कायमचा आखाडा बांधायचा. पुढाकार सर्जेरावांचा. सर्जेराव म्हणजे आमचे नगरसेवक, जत्रा कमिटीचे अध्यक्ष आणि माझे तालमीतले जोडीदार. म्हस्कू त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. मी तिथंच बसलेलो होतो.

"तुझा ह्यो खेळ बघतं कोण?" सर्जेराव म्हणाले. "उगं जागा अडवून ठेवायची."

"बघतील की, आबा. एक मॅच हू द्या."

सर्जेराव मनाचे वाईट नव्हते, पण त्यांना गंमत करायची सवय. म्हणाले, "सव्वीस जानेवारीला ठेव मॅच. शेवटपर्यंत तीनशे माणूस बसलं तर खांब तुझे. न्हाईतर सत्तावीसला खांब उपटायचे. हाय कबूल?"

"कबूल," म्हस्कू म्हणाला. मी घरी येताना पोट धरून हसलो.

त्यानं दौंडच्या रेल्वेच्या टीमला बोलावलं. तरुणपणी तो दौंडच्या लोको शेडमध्ये इंजिनं धुणारा-पुसणारा खलाशी होता, तिथंच त्याला हे वेड लागलेलं. पण दौंडची टीम बघायला शिरूरचं माणूस कशाला येईल? तेव्हा त्यानं दुसरी शक्कल काढली. दुष्काळानंतर पाबळकडच्या गावांत बोअर मारायला एक संस्था आली होती, तिचा रसेल नावाचा अमेरिकन साहेब शिरूरला खोली घेऊन राहायचा. उंच, लाल तोंडाचा, चप्पल घालून बाजारात भाजी घेणारा. म्हस्कूनं त्याला प्रमुख पाहुणा केला.

आणि इथंच तो चुकला. दौंडला त्यानं जेवढे गोरे ड्रायव्हर बघितले ते सगळे फुटबॉलचे वेडे. मग अमेरिका तर गोऱ्यांचाच मुलूख, तिथं फुटबॉलशिवाय दुसरं काय असणार, असा त्याचा हिशेब. त्यानं रसेलला हार घालून घ्यायला यायचं सांगितलं, पण 'तुमच्याकडं ह्यो खेळ चालतो का' हे विचारलं नाही. पाहुण्याला असं विचारणं म्हणजे त्याची परीक्षा घेणं, असं त्याला वाटलं. आणि पंधरा दिवस गावभर सांगत सुटला, "अमेरिकेत ह्यो खेळ बघायला जत्रा लोटती! पाव्हणं सोता सांगतील माईकवर."

सव्वीस जानेवारी रविवारी आली. झेंडावंदन झालं आणि दुपारी मैदानात चारशे-साडेचारशे माणूस जमलं. खोटं कशाला बोलू, निम्मी तर गोरा बघायला आलेली. मुंबईला वेस्ट इंडीजची टेस्ट चालू होती, त्यामुळं दहा-बारा ट्रांझिस्टर कुरकुरत होते. म्हस्कू पांढरी कडक हाफपँट घालून उभा. सारजाबाईसुद्धा बायकांत मागं येऊन बसली होती. मी मॅट्रिक, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडं.

हार-नारळ झाले. सर्जेरावांनी माईक घेतला आणि मिशीत हसत पाहुण्याला विचारलं, "साहेब, तुमच्या देशात ह्या खेळाला किती माणूस येतं, ते आमच्या मंडळींना सांगा."

मी इंग्रजीत विचारलं. रसेल बिचारा सरळ माणूस. त्यानं जरा डोकं खाजवलं आणि सांगून टाकलं की आमच्याकडं हा खेळ जवळजवळ कुणी बघत नाही. बेसबॉल आहे, बास्केटबॉल आहे, हातात चेंडू घेऊन एकमेकांना आडवं पाडायचा आमचा स्वतःचा एक खेळ आहे, लोक त्यांच्यावर जीव टाकतात. हा शाळेतली पोरं खेळतात, बाहेरच्या देशांतून आलेली माणसं खेळतात. मी स्वतः आजवर एकही मॅच बघितलेली नाही, आज पहिलीच. पण बोलावलंत म्हणून फार आनंद झाला.

मला हे ऐकून आनंदाच्या उकळ्या फुटायला पाहिजे होत्या. वीस वर्षं मी दुसरं काय म्हणत होतो? पण माझी नजर म्हस्कूवर गेली. तो मान खाली घालून उभा होता. काय झालं देव जाणे, मी माईक ओढला आणि ठोकून दिलं, "पाव्हणं म्हणत्यात, अमेरिकेत एका एका मॅचला पाऊण लाख माणूस बसतं!"

सगळ्या मैदानात "अबबब!" झालं. पोरांनी ट्रांझिस्टर बंद केले. सर्जेरावांचं तोंड उघडंच राहिलं. टाळ्या पडल्या आणि रसेलला वाटलं त्यालाच पडल्या, म्हणून तोही हात जोडून हसला. मी मनात म्हटलं, वाचला गडी.

तर म्हस्कू चालत आला आणि त्यानं माझ्या हातातून माईक घेतला.

"मंडळी," तो म्हणाला, "जालिंदरनं सांगितलं त्ये खोटं हाय. म्या दौंडच्या शेडात पाच-सा वर्सं गोऱ्यांच्या हाताखाली काढली, इंग्रजी मला कळतं. पाव्हणं म्हणलं, अमेरिकेत ह्यो खेळ कुणी बघत न्हाई. तिथं बी तीन खेळ ह्याच्या आधी हायत. आपल्यावानीच."

लोक हसले. सर्जेराव तर खुर्चीत मागं रेलून हसले. म्हस्कू हसू संपेपर्यंत थांबला.

"मलाबी आधी कुस्तीच पायजे व्हती," तो म्हणाला. "पंधरा वर्सांचा आसंल. गावच्या तालमीत कुणी न्हाई बघून आत शिरलो. लाल माती हातात घेतली, दंडाला लावली. तेवढ्यात वस्ताद आले. मारलं न्हाई त्यांनी, उगं कशाला बोलू? फकस्त हौद्यातली समदी माती काढून नदीत टाकली आन् नवी भरली. पोरं पाट्या वाहत व्हती. मी नदीच्या पल्याड बसून बघितलं. कुस्तीला सलामी लागती, समोरच्यानं हात द्यावा लागतो. मला हात कोण देनार? मग दौंडला पळालो. एका सांजंला साहेबांच्या टीमात एक गडी कमी पडला. मी बाजूला उभा, कोळशानं काळा. एकानं चेंडू माझ्याकडं ढकलला. मी पायानं परत दिला. त्यानं पुन्यांदा माझ्याकडं दिला. कुणी चेंडू धुतला न्हाई."

मग म्हणाला, "बघायला किती माणूस येतं, ह्ये म्या कवा मोजलंच न्हाई. चला, शिट्टी वाजवा."

त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही. पण मला ठाऊक होतं. ते वस्ताद म्हणजे माझे आप्पा, माझा बाप. आणि नदीवर पाट्या वाहणाऱ्या पोरांतला सगळ्यात लहान मी. आठ वर्षांचा होतो, आणि आप्पांनी शाबासकी दिली म्हणून दिवसभर छाती काढून फिरलो होतो. हे इतकी वर्षं त्याच्या पोटात होतं आणि माझ्याबरोबर रोज एका किटलीतला चहा तो हसत प्यायचा. मला भर मैदानात भुईत गडप व्हावंसं वाटलं.

मॅच झाली. दौंडनं तीन-एक अशी जिंकली, तो एक गोल बेकरीवाल्याचा. अर्ध्या वेळेला निम्मं मैदान रिकामं झालं, मुंबईची टेस्ट पुन्हा सुरू झाली. शेवटी सर्जेरावांनी माणसं मोजली. ऐंशी भरली, त्यात शेंगदाणेवाला आणि दौंडच्या गाडीचे ड्रायव्हर-क्लीनर धरून. "अट म्हंजी अट," ते म्हणाले, पण म्हस्कूच्या तोंडाकडं न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी मैदानात गेलो तर म्हस्कू एकटाच पहार घेऊन खांबाच्या बुडाशी खणत होता. "पालिकेची माणसं उपटतील तर मोडतील," तो म्हणाला, जणू मी काही विचारलं होतं. तेवढ्यात रसेलही आला. कुणीतरी त्याला सगळा प्रकार समजावून सांगितला असणार, तोंड एवढंसं झालेलं. तो सारखा सॉरी सॉरी म्हणत होता. म्हस्कूनं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाला, "साहेब, तू खरं बोललास. घे, त्यो दोर धर."

पहिला वासा निघाला. मी त्याचं एक टोक उचलून खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "कुठं न्यायचा?"

"घरी. सारजा म्हणती चुलीला घाला."

"चुलीला कशाला? आमचा नदीकडचा पडीक तुकडा हाय. गोटे हायत, पर सपाट हाय. तिथं पुरू."

म्हस्कूनं पहार खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "वस्तादांना इचारलंस?"

"न्हाई," मी म्हणालो. "इचारनार बी न्हाई."

तिघांनी मिळून सहा वासे नेले. आप्पा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मरेपर्यंत त्या तुकड्याकडं त्यांनी पाय वळवला नाही. मात्र खांब काढायलाही सांगितलं नाही. गोटे वेचायला आम्हाला दोन महिने लागले. सारजाबाई पाटी घेऊन यायची, शिव्या देत वेचायची.

रसेल शहात्तर साली मायदेशी गेला. सत्त्याहत्तरच्या दिवाळीला त्याचं पाकीट आलं, डेपोच्या पत्त्यावर. आत चिठ्ठी आणि तिथल्या पेपरातलं कात्रण. म्हस्कूला बोलायचं इंग्रजी येई, वाचायचं नाही, म्हणून तो नदीकडच्या मैदानात माझ्यापुढं पाकीट धरून उभा राहिला. मी वाचलं. न्यूयॉर्कजवळ परवाच्या ऑगस्टमध्ये एका मॅचला सत्त्याहत्तर हजार माणूस बसलं होतं. रसेलनं खाली लिहिलं होतं की माझा अजून विश्वास बसत नाही, पण तुमच्या मित्राला सांगा की तो खोटं बोलला नव्हता, जरा लवकर बोलला.

म्हस्कू इतका हसला की त्याला ठसका लागला. "जालिंदर, लेका! पाऊण लाख म्हणला व्हतास! वर दोन हजार भरले!" मग त्यानं विचारलं, "पर त्यांचे बाकीचे खेळ? ते बंद पडले का?"

"ते कशाला बंद पडतील? त्ये जोरातच असनार."

"मग बरं हाय," तो म्हणाला. "कुणाचं जाऊन आपलं नको."

त्यानं कात्रण घडी करून खिशात ठेवलं. मैदानात पोरं ओरडायला लागली होती, आज बेकरीवाला आला नव्हता. म्हस्कूनं गोलाच्या रिकाम्या खांबांकडं बघितलं, मग माझ्या तालमीत कमावलेल्या दंडांकडं बघितलं.

"एक गडी कमी हाय," तो म्हणाला. "गोलीला उभा राहा. तिथं हात लावलेला चालतो."

"अरं, माझं वय काय..."

"माझ्याहून सात वर्सांनी धाकटा हायस. ये."

आणि त्यानं हात पुढं केला, सलामीला करतात तसा. मी त्याच्या हातात हात दिला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "बरं, दादा."

पहिला चेंडू आला तो अडवायला मी उडी टाकली आणि सपशेल तोंडावर आपटलो. गोल झाला. पोरं खिदळली. म्हस्कूदादा लांबून ओरडला, "ऊठ, ऊठ! माती झाड आन् ऊठ!"

मी उठलो. माती तेवढी झाडली नाही. दंडाला लागलेली तशीच घेऊन सबंध मॅच खेळलो.