डब्याशिवाय नंबर नाही

माझी नात रूपाली नगरला एका शाळेत शिकवते. जरा वेगळ्या पोरांची शाळा. पोरं मोठी झाल्यावर आपल्या पायावर उभी राहावीत म्हणून त्यांना एस.टी.नं जायला, दुकानात बोलायला, कामधंदा करायला शिकवतात. आता त्या शाळेचा अंक निघणार आणि त्यात म्हणे आजोबांचे किस्से पाहिजेत! मी दुसरी नापास माणूस. म्हटलं, "मला कशाला छळतीस? तुमच्यात शिकलेले काय कमी हायेत?" तर वही-पेन्सिल पुढ्यात टाकून गेली. चहासुद्धा विचारला नाही.

गिरणीवाल्याकडं किस्से साठतात ते पिठासारखे. रोज झाडलं तरी रोज भुवयांवर असतंच. माझी पिठाची गिरणी कोल्हारला, नगर-मनमाड रोडला लागून. तिथले निम्मे किस्से एकट्या दत्तूचे. रूपाली म्हणते, "आजोबा, दत्तूकाकांना ऑटिझम आहे." असेल. बाहत्तरच्या दुष्काळात अमेरिकेची मिलो ज्वारी कोल्हारात पोचली होती, हा शब्द पोचला नव्हता.

*

दत्तू तेव्हा सोळा वर्षांचा. कुणाच्या तोंडाकडं बघायचा नाही. हाक मारली तर ओ नाही. चार माणसं जमली की कानावर हात. पण गिरणीचा पट्टा फिरताना बघत तास तास उभा राहायचा. बाप वारलेला. आई सुमन दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. चुलता रंगनाथ कोपरगावला साखर कारखान्यात होता. त्यानं सुमनला सांगून टाकलं, "दसऱ्यापतुर पोरगं कामाला लागलं तर बरं. न्हाईतर मी त्येला वेड्यांच्या इस्पितळात टाकून येतो."

सुमन माझ्याकडं आली. "कोंडीभाऊ, ह्येला गिरणीत कायतरी शिकवा."

मी म्हणालो, "ही गिरनी हाय, बालवाडी न्हाई!"

"व्हय," म्हणाली, आणि पोरगं तिथंच ठेवून खडी फोडायला निघून गेली. माझं 'न्हाई' आजवर ऐकलंय कुणी!

*

आमच्याकडं दळणाचा डबा हाच नंबर. बाई डबा ओळीत ठेवणार, घरी जाऊन धुणं उरकणार आणि सावकाश येणार. पहिल्याच दिवशी मी दत्तूला म्हणालो, "डबे नीट लाव," आणि स्टँडवर चहाला गेलो. परत येतो तर दारात सतरा बाया भांडतायत! पठ्ठ्यानं सगळे डबे उंचीनं लावलेले. बुटका पहिला, उंच शेवटी. कवायतीला उभी केलेली पोरंच जणू!

मी ओरडलो, "पयलं कोन आलं हुतं?"

सतराही म्हणाल्या, "मीच!"

दत्तू जमिनीकडं बघत म्हणाला, "हिरवी चप्पल. मंग अनवानी, नवी जोडवी. मंग लाल चप्पल, अंगठा तुटलेला. मंग..." आख्खी ओळ पायांवरून सांगितली! तोंडं बघतच नव्हता ना.

शेवटी म्हणाला, "भेगा पडलेली टाच. सतरावी."

गयाबाईनं गपकन पाय लुगड्यात ओढला. सगळ्यांत मोठ्यानं 'मीच' तीच म्हणाली होती!

तेव्हापासून दत्तू गिऱ्हाइकाला पायावरूनच हाक मारायला लागला. कोल्हारच्या बाया पाय घासून दळणाला यायला लागल्या, त्या तेव्हापासून.

*

नियम एकदा डोक्यात बसला की देव आला तरी हलायचा नाही. आमच्या घरी पाहुणे आले. बायकोनं गव्हाचा डबा पाठवला. दत्तूनं तो उचलून ओळीच्या शेवटी नेऊन ठेवला.

"आरं, गिरनी कुनाची?"

"तुमची."

"मंग?"

"नंबर चौदा."

पाहुण्यांना नुसता भात वाढला. मला वाटलं, आता बायको गिरणीत येऊन पोराला झोडणार. ती म्हणाली, "त्येला कायम ठेवा. ह्या घरात कुनीतरी एका बोलावर ऱ्हातंय!"

*

लोक म्हणतात, कोंडीभाऊनं दत्तूला शिकवलं. साफ खोटं! इंजिन चालू करायच्या आधी पाणी बघायचं, मग तेल, मग पट्टा, असं मी त्याला एकदा दाखवलं. दुसऱ्या दिवशी मी घाईत आधी पट्ट्याला हात घातला. दत्तूनं कानावर हात ठेवले आणि बसकण मारून ओरडायला लागला. मी मुकाट्यानं पाणी बघितलं, तेल बघितलं, मग पट्टा. तो उठला.

तोवर माझं इंजिन महिन्यातून दोनदा बंद पडायचं. त्यानंतर दसऱ्यापर्यंत एकदाही नाही. शिकलं कोण, ते तुम्हीच ठरवा.

*

दहा हॉर्सपॉवरचं इंजिन कानाशी धडधडलं तरी दत्तूला चालायचं, पण बँड अजिबात सोसायचा नाही. एकदा एक नवरदेव घोड्यावरून मारुतीला जाऊन मांडवाकडं निघाला. बँडवाल्यांनी नेमकं माझ्या दारात रिंगण धरलं. मुहूर्त टळून चालला तरी दोस्तमंडळी नाचतायत. मी बाहेर येऊन शिव्या दिल्या, त्यावरही नाचली!

इंजिनाच्या धुराड्यावर आवाज दाबायला एक पत्र्याचा डबा बसवलेला असायचा. दत्तूनं तो काढला आणि इंजिन फुल्ल सोडलं. असा आवाज झाला की ढोलवाला ढोलासकट खाली बसला. आणि घोडा? नवरदेवाला घेऊन जो सुटला, तो थेट मांडवात!

नवरी उभी, भटजी उभे, नवरदेव हजर. कोल्हारात वेळेवर लागलेलं ते पहिलं लग्न! नवरीच्या बापानं दत्तूला जिलेबी पाठवली. दत्तूला चिकट चालत नाही. मग काय, मी खाल्ली.

*

एकच गोष्ट अवघड होती. दत्तूला खोटं बोलता यायचं नाही, आणि धंदा म्हटलं की थोडं लागतंच. त्या साली रेशनला तांबडा मिलो यायचा. मिलो दळल्यावर दगड साफ करून मगच गहू टाकायचे असतात. एकदा मी कंटाळा केला. पीठ न्यायला शाळेचे गुरुजी आले.

"काय दत्तू, पीठ कसं आहे?"

"वरचं शेरभर टाकून द्या. मिलो हाय. कोंडीभाऊ म्हनले, गुर्जीला काय कळतंय."

गुरुजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी परत दुसरीत जाऊन बसलो!

त्या रात्री ठरवलं, पोराला जगात राहायचं तर जगाची रीत शिकवली पाहिजे. आठ दिवस घोटून घेतलं. "गिऱ्हाईक काय बी म्हनलं, तर आपन म्हनायचं, झकास!"

"झकास."

"हसून म्हन."

हसणं जमलं नाही, दात दाखवणं जमलं. नवव्या दिवशी गयाबाई आली. "दत्तू, तेराव्याचं दळान हाय रं. आमची सासू गेली."

दत्तूनं सगळे दात दाखवले. "झकास!"

गयाबाईनं पदर तोंडावर घेतला. बराच वेळ तिचे खांदे हलत होते. मी सगळ्यांना सांगितलं, रडती हाय. आता तिची सासू कशी होती, ते मला विचारू नका.

*

आणि मग दसरा दोन दिवसांवर आला. कोपरगावच्या गाडीतून रंगनाथ उतरला. अंगात कारखान्याचं जाकीट, पायात काळे बूट. सुमन पोराच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन मागं उभी. तिचा चेहरा मला बघवला नाही.

मी म्हणालो, "पोरगं कामाला लागलंय. बघ की."

रंगनाथ बाया-बापड्यांसमोर ओरडला, "तू लबाड हायेस, कोंड्या! पोराला फुकट राबवून घेतोस! अन् काम तूच करतोस, नाव त्येचं सांगतोस!" एका तोंडात दोन आरोप, आणि दोन्ही एकमेकांच्या उरावर बसलेले!

मग तो आत घुसला. "दत्त्या, चल. तुला न्यायला आलोय."

दत्तूनं खाली बुटांकडं बघितलं. "काळा बूट. डबा?"

"कसला डबा?"

"डब्याशिवाय नंबर न्हाई."

रंगनाथनं त्याचा दंड धरायला हात पुढं केला. तर गयाबाई मध्ये उभी! "ओ पाव्हनं! आमी काय सकाळधरनं उगं बसलोय व्हय? नंबर लावा!" मागून सगळ्या बाया ओरडल्या, "नंबर लावा!"

काय करतो बिचारा! समोरच्या दुकानातून नवा डबा आणून ओळीत ठेवला. दत्तूनं झाकण उघडलं. "मोकळा डबा दळत न्हाई." परत गेला, दोन पायल्या बाजरी घेऊन आला. नंबर तेवीस.

दुपार गेली. रंगनाथ पोत्यावर बसून बघत होता. पाणी, तेल, पट्टा. हिरवी चप्पल, घ्या. लाल चप्पल, घ्या. मी मुद्दाम बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. दिवसभर आत पाऊल टाकलं नाही. सुमनचं गाठोडं काखेतच होतं.

दिवेलागणीला हाक आली. "काळा बूट. तेवीस."

रंगनाथ उठला. दत्तूनं गरम पीठ चिमटीत घेऊन चोळलं, डबा त्याच्या बुटांपुढं ठेवला आणि म्हणाला, "झालं. म्होरचा."

रंगनाथ तिथंच उभा. त्यानं पिठात हात घातला. घातला तो काढेचना.

"म्होरचा," दत्तू परत म्हणाला.

स्टँडवर कोपरगावच्या गाडीचा हॉर्न वाजला. रंगनाथनं डबा खांद्यावर घेतला आणि चालायला लागला. एकटाच. जाकिटावर, बुटांवर पीठच पीठ. सुमन गाठोड्यावरच खाली बसली. गयाबाईनं तिला पाणी दिलं.

गडबडीत डब्याचं झाकण तेवढं राहिलं. ते अजून गिरणीत खिळ्याला टांगलेलं आहे. दत्तूचे केस पांढरे झाले, आता ते पिठानं की वयानं कळत नाही, पण दर दसऱ्याला झाकण घासूनपुसून परत टांगतो. त्याचं म्हणणं, ज्याचं त्याला दिलं पाहिजे. माझं म्हणणं, सगळ्या गावासमोर मला लबाड म्हणालास, आधी त्याची माफी माग आणि मग झाकण ने. ऐकतोस का, रंगनाथ?