स्पीकरवरून पुकारलेली नात

ये गो, अशी जवळ बस. आणि तो फोन आधी उपडा ठेव बघू. आल्यापासून किती वेळा उचललास? लेक मैत्रिणींबरोबर फिरायला गेलीय, लढाईवर नाही. पोचलीस का, निघालीस का, बरोबर कोण कोण आहे... पोलीससुद्धा एवढं विचारत नाहीत. मी तुला हसत नाही हां. मी काय करून बसले ते ऐक, म्हणजे तूच हसशील.

माझी नात अकरावीपासून माझ्याकडे असते. मुलगा-सून बदलापूरला आणि पोरीचं कॉलेज दादरला, म्हणून ती इथे लालबागला, आमच्या चाळीत. मुलानं तिला ठेवतानाच सांगितलेलं, "आई, रात्रीबेरात्रीचं भटकणं दिसलं तर मी तिला परत घेऊन जाणार. रोज ये-जा करेल इथून." पोरीला तेच नको होतं. इथे तिच्या मैत्रिणी, इथेच तिचा श्वास.

नवरात्रात ती म्हणाली, "आजी, परळला गरबा आहे. सगळ्या जातायत." मीच मुलाला फोन केला. म्हटलं, जाऊ दे, जबाबदारी माझी. तो हो म्हणाला, पण कसा, तर दात काढताना माणूस आ करतो तसा.

आता आमच्याकडे घट बसतात. नऊ दिवस दिवा विझता कामा नये आणि घराला कुलूप लागता कामा नये. आधी सासूबाई बसायच्या, त्यांच्यामागे मी. ज्योतीला वारा लागू नये म्हणून पंखा बंद. ऑक्टोबरचा उकाडा, एवढीशी खोली, पदर पिळला तर पाणी निघेल! पूर्वी शेजारणी घटकाभर दिव्याजवळ बसायच्या, आपण जरा मोकळं होऊन यायचं. आता मजल्यावरच्या अर्ध्या खोल्यांना कुलपं. चाळ पाडून नवी बांधायची म्हणून माणसं बिल्डरचं भाडं घेऊन कुठे कुठे पांगली.

त्या रात्री सांगितलेली वेळ टळली तरी पोरीचा पत्ता नाही. फोन वाजतोय, उचलत कोण नाही. तेवढ्यात मुलाचा फोन.

"आली का?"

"येतेय."

थोड्या वेळानं परत. "आई, खरं सांग."

मी उठून दारापर्यंत जायचे, मागे ज्योत थरथरली की परत यायचे. दाव्याला बांधलेली म्हैस बघितलीस ना? दावं पुरेल तेवढंच फिरणार. जिना उतरून नाक्यावर जायला कितीसं लागतं? पण जाऊ कशी? शेवटी कठड्यावरून वाकले आणि खाली मंडळाच्या पोराला हाक मारली, "अरे बाळा, आमची नात दिसली का रे?"

"नाही ओ आजी. थांबा, बघतो."

मला वाटलं, नाक्यापर्यंत जाऊन बघेल. त्यानं माईक घेतला! गणपतीत गर्दीत हरवलेली पोरं पुकारायची सवय ना त्यांना. तिचं नाव, चाळ, मजला, खोली, सगळं सांगून म्हणतो, "जिथे असाल तिथून ताबडतोब घरी यावे. आपली आजी काळजीत आहे." एकदा नाही, दोनदा. आणि आमच्या मंडळाचे कर्णे थेट नाक्यापर्यंत बांधलेले.

पोरगी तिथेच होती. नाक्यावर, मैत्रिणींबरोबर भेळ खात. घागऱ्याला खिसा नसतो, म्हणून फोन मैत्रिणीच्या पिशवीत. धापा टाकत आली, दारातच उभी राहिली.

"आजी, सगळे हसले. एक जण म्हणाला, जा जा, दूध प्यायची वेळ झाली."

पाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी नळावर तळमजल्याचे मालवणी आजोबा विचारतात, "काय गो, गावली काय नात?" ते बरे, तोंडावर विचारलं. कुणीतरी बदलापूरलाही कळवलं. मुलगा म्हणाला, "बस झालं आई. दसरा झाला की येतो तिला न्यायला."

त्या संध्याकाळी पोरगी साधा ड्रेस घालून घरात. खालून मैत्रिणींनी हाका मारल्या, तर गॅलरीतही गेली नाही. दिव्याजवळ आम्ही दोघी, घामाच्या धारा, पंखा बंद. मध्येच म्हणाली, "उशीर झाला, कबूल. पण तू घाबरलीस म्हणून मी जायचं का गं बदलापूरला?"

घट माझे, नेम माझा. मी बसते ती माझ्या देवीसाठी. हिला कशाला माझ्या शेजारी खुंटीला बांधायची?

तिच्यासमोरच मुलाला फोन लावला. "उशीर तिनं केला, तमाशा मी केला. न्यायचं तर मला ने."

"आई, काहीतरीच काय बोलतेस."

"मग ती आज गरब्याला जातेय. फोन तिला करायचा नाही, मलाही नाही."

मग म्हणाला, "दिवा सांभाळ," आणि फोन ठेवला.

ती गेली. वेळ मी सांगितली नाही. खालचा स्पीकर बंद झाला, चाळ निपचित झाली, जिन्यावर कुत्र्याचं पाऊल वाजलं तरी मी मान वर करायचे. फोन मांडीखाली घालून बसले होते, हात जाऊ नये म्हणून. आली ती आदल्या रात्रीपेक्षाही उशिरा. मी घड्याळाकडे बघितलं नाही. "जेवलीस का आजी?" म्हणाली. नव्हते जेवले. तिनं वाढलं, दोघी जेवलो.

अजून माझ्याकडेच आहे ती. मुलगा प्रत्येक सणाला "बघू" म्हणतो, नेत काही नाही. आणि ती बाहेर पडली की माझे कान जिन्याकडे लागतात, ते काही सुटलेलं नाही गो. पण एकटीनं दाराकडे बघत बसवत नाही. म्हणून म्हणते, तुझ्या वडाळ्याहून लालबाग काही लांब नाही. तुझी लेक कुठे जायची असेल ना, त्या दिवशी सरळ इकडे ये. काही करून आणू नकोस. भजी मी तळते, तू नुसती येऊन बस. या आठवड्यातच ये.