समाजसेवेलाही डिग्री लागते?

आमची बी.एस.डब्ल्यू.ची बॅच भेटली की पगाराचा विषय कुणी काढत नाही. दोन मिनिटांत संपतो तो! मग उरतात किस्से. ते इतके साठलेत की दादरच्या आमच्या ठरलेल्या हॉटेलातला वेटर हल्ली ऑर्डरबरोबरच बिल आणून ठेवतो. म्हणतो, "मॅडम, गप्पा चालू द्या, पण मागे लोक उभे आहेत!"

बाकीच्यांचे सोडा, आज माझ्या घरचे ऐका. डिग्रीचा खर्च माझ्या बाबांनी केला आणि करमणूक लालबागच्या अख्ख्या चाळीची झाली.

*

बारावीनंतर मी घरात जाहीर केलं, "मला बॅचलर ऑफ सोशल वर्क करायचंय."

बाबा फोर्टातल्या एका शिपिंग कंपनीत हेडक्लार्क होते. रिटायर झाले, पण घरातली व्हाइटनरची बाटली संपत आली की अजूनही दूध संपल्यासारखे अस्वस्थ होतात. त्यांनी लगेच फुलस्केप घेतला आणि तक्ता आखला. बी.कॉम., बी.एम.एस., बी.एस.डब्ल्यू. पुढे रकाने: फी, नोकरी, आणि 'लोकांना सांगायला कसं वाटेल.'

माझ्या ओळीत शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'समजावून सांगावं लागेल.' नोकरीच्या रकान्यात आधी लिहिलं 'नाही.' आईने डोळे वटारले. व्हाइटनर. मग लिहिलं 'होय.' स्वतःलाच पटेना. पुन्हा व्हाइटनर. शेवटी 'बघू.' तोवर तिथे असला थर चढला होता की कागदाला टेंगूळ आल्यासारखं दिसत होतं.

"शीतल, फी भरतो," बाबा म्हणाले. "पण ही डिग्री कशाशी खातात ते तीन वर्षांत मला पटलं पाहिजे. नाही पटलं, तर रिझल्ट लागला की गुपचूप काकाच्या पतपेढीत टेबलावर बसायचं. कबूल?"

कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण ती पतपेढी, तिथला तो घरघरणारा पंखा आणि काका!

*

मग कॉलेजं बघायला निघालो. पहिलं टाऊनमधलं, प्रायव्हेट. लॉबीत असला एसी की बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. काउन्सेलर मॅडमनी फीचा आकडा सांगितला तेव्हा दुसरं लावायला ते बटण शोधत होते.

"सर, यात रूरल एक्सपोजर इन्क्लुडेड आहे. आठ दिवस प्रॉपर गावात राहायचं. विहीर, चूल, सगळं ऑथेंटिक."

बाबा म्हणाले, "आम्ही दर गणपतीत जातो की कणकवलीला. तेवढे आठ दिवस वजा करून सांगा ना!"

दुसरं कॉलेज परळचं, ग्रँटवालं. फी पहिल्याच्या पासंगालाही नाही. क्लार्क डब्यातली भेंडी खात होता. बाबांनी विचारलं, "दोन्हींच्या डिग्रीत फरक काय हो?"

तो घास गिळून म्हणाला, "कागद तोच. तिथे फोल्डर मिळतो."

बाबांनी तिथेच पेन काढलं.

*

खरा घोळ चाळीत झाला. आमच्याकडे 'समाजसेवक' म्हणजे बबनदादा. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, आणि वर्षाचे बारा महिने गेटवर त्याचा बॅनर. दहावीला तीनदा बसलेला माणूस, पण नावामागे कायम 'समाजसेवक'!

शेजारच्या परब काकू आईला म्हणाल्या, "काय गो, बबन तर फुकटात झालो. तुमी कित्याक पैशे भरतास?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला गॅलरीत अडवलं. "शीतल, शिकतंस ना समाजसेवा? मगे आमच्या नळाचा काय ता बघ गो!"

माझं पहिलं सेमिस्टर चालू होतं. विषय होता 'सामाजिक कार्याचा इतिहास.'

बबनदादानेही जिन्यात गाठलंच. आधी इकडेतिकडे बघितलं, मग आवाज खाली. "ताई, ते तुझं सर्टिफिकेट... आपल्याला भेटेल काय? तीन वर्षं वगैरे नको. डायरेक्ट."

*

आमच्या बॅचची ग्लेंडा खोताच्या वाडीतली. मराठी आमच्यापेक्षा भारी बोलते. सेकंड इयरला माहीमच्या वस्तीत सर्व्हेला गेली. प्रश्न होता, 'घरातले निर्णय कोण घेतं?'

बाई म्हणाली, "असं कसं लगेच सांगू? थांबा, ह्यांना विचारून येते."

ग्लेंडाने उत्तराच्या जागी बाण काढून 'आत गेल्या आहेत' असं लिहिलं. सरांनी पूर्ण मार्क दिले!

*

आमच्यात एखाद्या कुटुंबाची जबाबदारी घेतली की तिला 'केस' म्हणतात. एकदा गॅलरीत उभी राहून मी ग्लेंडाला फोनवर जोरात सांगत होते, "अगं, माझ्यावर सध्या दोन केसेस आहेत! तिसरी मिळाली की बास!"

संध्याकाळपर्यंत बातमी काकाच्या पतपेढीत. काका धावत घरी. "दादा, पोरीवर केस असेल तर आमच्या कमिटीत चालायचं नाही हां!"

आईशप्पथ सांगते, तीन वर्षांत पहिल्यांदाच मला आशा वाटली. पण बाबांनी त्याला समजावलं. तक्त्यात लिहिलंच होतं, समजावून सांगावं लागेल.

*

थर्ड इयरला प्लेसमेंट. एका संस्थेचे साहेब आले, कुर्त्याला इस्त्री कडक. म्हणाले, "पगार नाही, मानधन देऊ. पण समाधान भरपूर!"

घरी येऊन आकडा सांगितला. बाबांनी तो बाराने गुणून बघितला. मग म्हणाले, "मानधन म्हणजे मानही त्यांचा आणि धनही त्यांचंच, असं दिसतंय."

त्यांनी तक्ता काढला, 'बघू'वर पांढरा हात फिरवला आणि तो रकाना तसाच कोरा ठेवला. त्या दिवशी मात्र मला रडू आलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडावं म्हटलं, तर नळाला पाणी नाही!

*

परीक्षेच्या तोंडावर परब काकांचं हार्टचं निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा खर्च सांगितला आणि काकू तिथेच बाकावर बसल्या. बबनदादाने येऊन पेशंटबरोबर सेल्फी काढला आणि "काही लागलं तर सांगा" म्हणून गेला. फोन लागला नाही.

माझं फील्डवर्क त्याच हॉस्पिटलात झालेलं. रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं एस्टिमेट, कुठल्या ट्रस्टला आधी अर्ज करायचा, कुठल्या खिडकीवर जेवायच्या आधी जायचं, सगळं मला पाठ. चार दिवस काकूंना घेऊन फिरले. सोबत बाबा, झेरॉक्सची पिशवी सांभाळत. पाचव्या दिवशी पैसे मंजूर झाले.

पायऱ्या उतरताना बाबांनी विचारलं, "हे कॉलेजात शिकवतात?"

"हो."

"किती मार्कांना?"

"शंभर."

"हं," म्हणाले, आणि झेरॉक्सची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

*

रिझल्ट लागला. फर्स्ट क्लास! पेढ्यांच्या आधी काका हजर, पतपेढीचा फॉर्म घेऊन. बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि कपाटावर ठेवला. "सोमवारी देतो," एवढंच बोलले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी संध्याकाळी गेटवर नवा बॅनर लागला. निम्म्या बॅनरवर बबनदादा, हात जोडून. बाजूला मोठ्या अक्षरांत, 'परब काकांना जीवदान देणारे आपले लाडके समाजसेवक.' खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढी मी, माझ्याच दहावीच्या फोटोत. त्याखाली बोटभर अक्षरं: 'कु. शीतल, भावी समाजसेविका, हिचे हार्दिक अभिनंदन!'

भावी! डिग्री घेऊन मी भावी!

बाबांनी तो बॅनर उभ्या उभ्या वाचला, पुन्हा वाचला, आणि न जेवता झोपले. मला वाटलं, संपलं. उद्या पतपेढी.

सोमवारी सकाळी दूध आणायला खाली उतरले, तर गेटपाशी स्टूल. स्टुलावर बाबा, हातात व्हाइटनर. खाली परब काकू दोन्ही हातांनी स्टूल धरून उभ्या. तरी ते हलत होतं म्हणून एका पायाखाली चार घड्या घातलेला कागद सरकवला होता. वाकून बघितलं, वर पतपेढीचा शिक्का.

"बघत काय उभी राहिलीस?" बाबा वरून ओरडले. "नाक्यावरून दुसरी बाटली आण. अजून 'वी' राहिलाय!"