रेडिएटरमधली हळद

सासऱ्यांच्या मोटारीला मी एकदा वाटीभर हळद पाजली. हे सांगितलं की माझी नातवंडं खिदळतात आणि मीही त्यांच्याबरोबर खिदळते, कारण इथपर्यंत गोष्ट हसण्यासारखीच आहे.

साठ साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. बेळगावहून लग्न होऊन मी बंगळूरला, जयनगरात आले होते. सासूबाई नव्हत्या, नवरा कारखान्यात, आणि घरात खरा मान मोटारीचा. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, निवृत्त होताना एका मळेवाल्याकडून घेतलेली जुनी काळी गाडी. तिला रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसत. मला अजून कुणी पुसत नव्हतं. बावीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. येत होता फक्त स्वयंपाक, तोही आमटीपुरता.

एक दिवस रेडिएटर गळायला लागला. इंजिनातलं गरम पाणी त्याच्या बारीक नळ्यांतून गार होऊन परत जातं, त्यातली एखादी नळी चिरली असावी. कोपऱ्यावरचा मेस्त्री कानडीत म्हणाला, "अण्णा, स्वल्प हळद घाला. एक चमचा, पाण्यात कालवून. भोक बुजेल."

हळद म्हणजे माझं खातं! अण्णा आंघोळीला गेल्यावर मी चमचा घेऊन बाहेर आले. मग वाटलं, एवढ्या धुडाला चमच्यानं काय होणार? आत गेले, पितळी वाटी काठोकाठ भरून आणली आणि कालवून ओतली.

गळती थांबली. अण्णा शेजारच्या अक्कांना कुंपणावरून सांगत सुटले, "आमच्या सूनबाईनं गाडी दुरुस्त केली हो!" आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

मग गाडी उभ्या उभ्या तापायला लागली. धावताना ठीक असायची. कुठं थांबून इंजिन नुसतं चालू ठेवलं की काटा लाल खुणेकडे, झाकणाखालून वाफ. बंद करावी तर बॅटरी म्हातारी. पुन्हा चालू करायला हँडल मारावं लागे. मेस्त्रीनं पंख्याचा पट्टा घट्ट केला, रबरी नळ्या बदलल्या. तापल्यावर पाणी सोडणारी झडप काढून माझ्याच पातेल्यात उकळून पाहिली. ती बरोबर उघडत होती. शेवटी डोकं खाजवत त्यानं मला विचारलं, "अक्का, हळद चमचाभरच ना?"

अण्णा माझ्याकडे कौतुकानं बघत होते.

"चमचाभरच," मी म्हणाले. "तोही सपाट."

सपाट म्हणे! त्या शब्दासाठी आजही स्वतःच्या मुस्काटीत मारावीशी वाटते. मेस्त्रीनं मान डोलावली आणि रेडिएटर सोडून बाकी सगळं पुन्हा तपासायला घेतलं.

त्याच आठवड्यात बेळगावहून तार आली. माझे बाबा अत्यवस्थ होते, ताबडतोब निघायचं होतं. नवरा कामावर होता. संध्याकाळची मेल धरली तर सकाळी पोचणार होते. मी टांगा बोलवा म्हणाले. अण्णा म्हणाले, "घरची गाडी असताना टांगा? चल, मी सोडतो."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण माझे बाबा तिकडे शेवटचे श्वास मोजत असताना मी इकडे माझी शाबासकी जपत बसले.

मार्केटपाशी कांद्याच्या बैलगाड्या एकमेकींत अडकल्या होत्या. पुढे जाता येईना, मागे येता येईना. अण्णा हॉर्न वाजवत होते, मी काट्याकडे बघत होते. काटा चढला, थरथरला, आणि पुढून वाफेचा लोट उठला. समोरच्या हॉटेलातून कुणी बादली आणली, पण तापलेल्या झाकणाला हात लावायची सोय नव्हती. शेवटी गाडी तिथंच टाकून आम्ही निघालो. अण्णांच्या एका हातात माझी ट्रंक, दुसऱ्या हातात धोतराचा सोगा. सत्तरीला आलेला माणूस माझ्यापुढे धावत होता. फलाटावर पोचलो तेव्हा रूळ रिकामे होते आणि एक हमाल बाकावर बसून विडी पेटवत होता.

दुसऱ्या दिवशीच्या मेलनं निघून तिसऱ्या दिवशी सकाळी पोचले. बाबा आदल्या दिवशी दुपारीच गेले होते. त्यांच्या अंथरुणाच्या जागी जमिनीवर दिवा लावला होता. आई म्हणाली, "सकाळभर शुद्धीत होते गं. दार वाजलं की विचारायचे, आली का?"

तेराव्यानंतर बंगळूरला परतले. गाडी ओढून घरी आणली होती आणि दुसऱ्याच दिवशी मेस्त्री आला. अण्णांच्या देखत मी त्याला सांगितलं, "वाटीभर होती. काठोकाठ."

मेस्त्रीनं इंजिन चालू केलं, जरा तापू दिलं, मग बंद करून रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला. "इथं चटका, इथं गार. गार लागतं तेवढ्या नळ्या बंद." रेडिएटर खोलून त्यानं अंगणात उलटा धरला आणि खालच्या तोंडातून नळाचं पाणी जोरानं सोडलं. पिवळा गाळ गोळ्यागोळ्यांनी पडत राहिला. एका दुपारचं काम होतं ते. रेडिएटर परत बसवून त्यानं गाडी अर्धा तास जागच्या जागी चालू ठेवली. काटा मध्यावरच राहिला.

अण्णा तेवढा वेळ गाडीत बसून होते. मग त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि मी बसले होते त्या पायरीपाशी आले. मी वर बघितलं नाही.

"मी रागावलो असतो गं पोरी," ते म्हणाले. "दोन दिवस बोललो नसतो तुझ्याशी. तेवढंच झालं असतं."