भुशाचं रेडकू आणि माझं लग्न

मुलगी बघायला गेल्यावर मुलानं कमी बोलावं, हे वडिलांनी परंड्यापर्यंत एसटीत मला पुनःपुन्हा ऐकवलं. "विचारलं तर सांग, पुण्याला सरकारी नोकरी हाय. उंदराचं नाव काढायचं न्हाय." उंदरांपायी आधीची दोन स्थळं गेली होती. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी उंदरांना सुया टोचायचो, आणि त्यावाचून जगाचं अडलंय असा माझा प्रामाणिक समज होता.

मुलीचे वडील गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन. दुष्काळ चालू होता. पाय धुवायला तांब्या मिळाला तो अर्धाच. मुलीनं चहा आणला, माझ्याकडं सरळ बघितलं आणि हसू दाबत आत गेली. मी तिथंच कामातून गेलो. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं मनाशी ठरवलं आणि ताबडतोब ते घालवायच्या उद्योगाला लागलो.

"काम काय असतंय?" चेअरमननी विचारलं.

वडील खोकले. मी उठून उभा राहिलो. बसून सांगण्यासारखं माझं कामच नव्हतं.

"तुमच्या सोसायटीत साऱ्या गावाचं दूध एका कॅनमध्ये जातं. अंगात रोग शिरला की शरीरही तेच करतं. रोगाला ओळखून धरणारी प्रतिपिंडं नाना पेशी तयार करतात आणि सगळी रक्तात एकत्र होतात. आम्ही त्यातली एकच पेशी निवडतो, जणू एकच म्हैस. पुढं तिचा वंश वाढवायचा आणि तेवढंच दूध वेगळं काढायचं."

"म्हंजी सहकाराच्या इरुद्धच की," चेअरमन म्हणाले.

मला ती दाद वाटली. "आणि रोग कोणता? एड्स."

मुलीचे मामा रोज पेपर वाचणारे. ते बसल्याबसल्या हातभर मागं सरकले. "दाजी, पाव्हण्याच्या कपाला कुणी हात लावू नगा."

समोरच अंगणात म्हैस बांधली होती. तिचं रेडकू मेलं होतं. त्याच्या कातड्यात भुसा भरून ते तिच्यापुढं ठेवलं होतं. ते चाटत ती पान्हा सोडायची. मला साक्षात्कार झाला. मी अंगणात धावलो.

"मामा, ह्यात रेडकू हाय का? न्हाय. नुसतं कातडं. आम्ही पण विषाणूला हात लावत नाही. त्याच्या आवरणातलं एक प्रथिन तेवढं उंदराला टोचतो. उंदराच्या अंगाला वाटतं, शत्रूच आला, आणि ते प्रतिपिंडं सोडू लागतं." इथं मी भुशाचं रेडकू दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं.

आपलं लेकरू परक्याच्या हातात बघून म्हशीनं जे करायचं ते केलं. मी शेणात होतो, रेडकाची शिवण उसवली होती, आणि भुसा माझ्या अंगावर होता.

"सरकारी नोकरी हाय," वडील ओसरीतून म्हणाले, "येवढंच सांगायचं व्हतं."

चेअरमननी मला हात देऊन उठवलं. "मंग औषध निघालं का?"

तेव्हा तरी हो म्हणायचं होतं. "न्हाय. हा रोग सारखं कातडं बदलतो. आज ओळखला की उद्या निराळा."

"दुसऱ्याच रेडकाचं कातडं ठेवलं, तर म्हैस लाथ घालती."

"तिथंच अडलंय."

आम्ही निघायला लागलो. सगळ्यांचे कप आत गेले होते, माझा एकटाच सतरंजीवर होता. मुलगी दाभण आणि सुतळी घेऊन बाहेर आली, रेडकू शिवायला. जाता जाता तिनं माझा कप उचलला, तोही आत बोट घालून.

"अगं ए," मामा म्हणाले.

"मामा, म्हशीनं त्येंला अंगभर हुंगलंय. ती भ्याली न्हाय."

दाभण तिनं माझ्या हातात दिली. ती शिवण मीच घातली, वाकडीच, आणि म्हशीनं ती चालवून घेतली. पुढं त्या घरानं मलाही तसंच चालवून घेतलं. आमच्याकडं कप तेव्हापासून मी विसळतो. मामा येतात तेव्हा चहाही मीच करतो. ते आनंदानं पितात. अट एकच, त्याच चहाचा पहिला घोट त्यांच्यादेखत मी घ्यायचा.