दामूच्या वहीतला अली

शहापूरच्या बाजारात दामू गोजरचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. वजन अठ्ठेचाळीस किलो, तेही जेवल्यावर. जन्मात कुणाच्या थोबाडीत मारलेली नाही. पण जगातले जुने हेवीवेट बॉक्सर रोज याच्याच दुकानात लढतात. रिंगणात जे कधी एकमेकांसमोर आलेच नाहीत, त्यांना दामू पंप खोलता खोलता समोरासमोर उभं करतो. आज अली आणि टायसन, उद्या जो लुईस आणि फोरमन. गिऱ्हाईक विचारतं, "दामूशेठ, माझा पंप?" दामू म्हणतो, "थांब रे, सातवी फेरी चाललीय!"

निकाल लिहायचं काम लेकीचं. पूजा आठ वर्षांची असल्यापासून वही ठेवते. बाप अंगणात दोघांचेही ठोसे एकटाच मारून दाखवणार, ती ओट्यावर बसून गुण देणार. आई हिराबाई कपाळाला हात लावून बसायची.

या वेडापायी पोरीचं एक चांगलं स्थळ हातचं गेलं. वाशिंदच्या पाहुण्यांतला मामा सहज म्हणाला, फोरमनपुढे अली जिंकला ते नशिबानं. झालं! दामूनं त्याला उभं करून ती लढत समजावली आणि समजावता समजावता चहाचा कप त्याच्या पांढऱ्या शर्टावर उडवला. पाहुणे गेले ते गेलेच.

म्हणून मुरबाडकडच्या सरळगावची माणसं सुपारी फोडायला आली, तेव्हा पूजानं बापाला देव्हाऱ्यासमोर उभं केलं. "बाबा, मला संदेश पसंत हाय. आज बॉक्सिंगचं नाव काढलंत तर जन्मात बोलायची नाय तुमच्याशी."

"नाय काढत गो," दामू म्हणाला आणि खबरदारी म्हणून त्यानं दोन विडे एकदम तोंडात कोंबले.

आता नशीब बघा! मुलाचे वडील जगदीशराव मांडी घालता घालता म्हणतात कसे, "आमच्या संदेशच्या हातात टायसनचा जोर हाय. टायसननं अलीला दुसऱ्या फेरीत झोपवला असता."

दामूचे कान लाल झाले. त्यानं शेजारी बसलेल्या भावाचा गुडघा असा आवळला की तो बिचारा कळवळला. पण शब्द नाही काढला, हे मान्य केलं पाहिजे.

आपल्याकडची रीत अशी, की पाच माणसांसमोर मुलीच्या बापानं 'दिली' असं मोठ्यानं म्हणायचं, मगच सुपारी फुटते. जगदीशरावांची म्हातारी आई बाईजा पुढं सरसावली. "दिली का मुलगी?"

दामू गप्प. तोंड उघडलं की आधी अली बाहेर पडणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बाईजानं पुन्हा विचारलं. दामू गप्पच, डोळ्यांत पाणी. जगदीशरावांनी टोपी उचलली. "चला उठा. यांच्या मनात नाय."

तेवढ्यात आतल्या दारातून पूजा रडवेली होऊन ओरडली, "बाबा, बोला! काय ते सगळं बोलून टाका!"

दामू अंगणात धावला, विडे थुंकला आणि परत येऊन गरजला, "दिली! दिली! दिली! आणि अली जिंकणार!"

जगदीशराव टोपी हातात धरून उभेच. मग म्हणाले, "कितव्या फेरीत?"

"अकराव्या! आधी सहा फेऱ्या नुसता दमवणार."

"दमवणार? टायसन काय लहान पोर हाय?" आणि व्याही परत खाली बसले. सुपारी शेवटी बाईजानंच फोडली, कारण या दोघांना वेळ नव्हता.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी दामूला पूजाच्या पिशवीत वही दिसली आणि इतका वेळ धरलेला बांध फुटला. "ती पण नेतेस गो?"

"अली-टायसनचा निकाल लिहायचा राहिलाय," पूजा डोळे पुसत म्हणाली. "रविवारी सरळगावला या."

"नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं माझी आई सांगायची."

"मग घरून आणा."

रविवारी सकाळी दामू निघाला. काखेत दोन लिटर पाण्याची बाटली होती.