सुरांच्या विभक्ती

धाकट्या भावाला लकवा झाला आणि त्याच्या बोलण्यातून क्रियापदं गेली, प्रत्यय गेले, उरली नुसती नामं. मी पोलादपूरला शाळेत मराठी शिकवते, म्हणून मला हे असं दिसतं. वहिनीला एवढंच दिसत होतं, की नवरा पाणी मागतो आणि दिलं की भांडं ढकलून देतो. महाडच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती अगदी रडकुंडीला आली होती.

माझ्यासमोर तो पुन्हा "पाणी" म्हणाला, सूर वरून खाली घसरत. मी पंचा ओला केला आणि त्याचं तोंड पुसलं. त्याने समाधानाने डोळे मिटले. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली.

तिला सगळं सांगावं लागलं. लहानपणी आम्ही गुरं चारायला जायचो. डोंगराच्या दोन सोंडांवर दोघं समोरासमोर, मध्ये खोल वाहता पऱ्या. पलीकडून ओरडलं की शब्दाचं तोंड पोचायचं आणि शेपूट पाण्याच्या आवाजात बुडायचं. म्हशीला की म्हशीने, काही कळायचं नाही, आणि त्यावरून आमची कडाक्याची भांडणं व्हायची. सूर मात्र नेमका पोचायचा. मग आम्ही शेपटंच टाकून दिली. कुठल्याही विभक्तीत म्हैस ही म्हैसच. सूर वर चढवला की 'ला', वरून घसरवला की 'ने', खाली सपाट ठेवला की 'चा', मध्येच हेलकावा दिला की 'त'. हाक मारायची तर शेवट लांबवून वर फेकायचा. "म्हैस" घसरती आणि "शेत" चढतं, म्हणजे म्हशीने शेताला तोंड लावलंय, पळ. आई विचारायची, ही कसली कोल्हेकुई. पुढे वर्गातली पोरं 'स, ला, ते' घोकत बसायची तेव्हा आम्हा दोघांना भलताच शिष्टपणा चढायचा.

मोठेपणी ती भाषा कोण बोलणार? पण आजाराने त्याची बाकीची मराठी नेली आणि ही तेवढी ठेवली. शाळा सुटली की मी एसटी पकडून महाडला जायचे आणि खाटेपाशी दुभाषी होऊन बसायचे. खरं सांगते, एवढ्या दुःखातही मला थोडं मिरवल्यासारखं वाटायचं.

मग एका दुपारी तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताय." सूर चढला, थांबला आणि हळूच अर्ध्यावर उतरला. असा सूर आमच्यात नव्हता. मी ओ दिली, हात धरला, उशी सारखी केली, खिडकी उघडली. दर वेळी तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा, अगदी सावकाश, ढ मुलाला समजवावं तसं. शेवटी मी म्हटलं, "मला नाय समजत रे."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर तो कुणाशीच बोलला नाही, आणि त्याच आठवड्यात गेला.

वहिनी म्हणते, ते तुम्हाला नुसती हाक मारत होते. असेलही. मी स्वयंपाकघरात एकटीच तो सूर काढून बघते. सूर बरोबर लागतो, अर्थ लागत नाही. तो मला बोलावत होता, की माझ्याजवळ काही मागत होता, की माझ्याविषयी काही सांगत होता, एवढंसुद्धा मला कळलं नाही. आणि ज्याला विचारावं असं त्या भाषेत आता कुणी नाही.